अन्ननलिका आणि तिचा शेजार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गिळण्याच्या तक्रारींविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी इतकी पत्रे आली, की संपूर्ण सदर एकाच अवयवाला द्यावे असे ठरवले. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि प्रश्न थोडक्यात दिले आहेत. शालेय पुस्तकांतील पचनसंस्थेच्या आकृतीत अन्ननलिका ही तोंड आणि जठर यांना जोडणारी एक सुटी, सरळ नळी म्हणून दाखवलेली असते आणि आपल्या मनात तीच प्रतिमा आयुष्यभर राहते. माझ्या मते ही आकृती फार अपुरी आहे. पाठीचे मणके, श्वासनलिका, महाधमनी आणि हृदय यांच्यामधल्या अरुंद जागेत अन्ननलिका दाटीने बसलेली आहे आणि या पत्रांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्या या शेजारातच सापडतात.

प्रश्न : माझे वय ६४ आहे. छातीत जळजळ होत असल्याने दुर्बिणीची तपासणी करून घेतली. अहवालात ‘जोड ३७ सेंमी, श्वासपटलाचा चिमटा ४० सेंमी, हायटस हर्निया’ असे लिहिले आहे. अन्ननलिका २५ सेंमी लांब असते असे वाचले होते. मग हे आकडे कसले? आणि हर्निया म्हटल्यावर शस्त्रक्रिया करावीच लागेल का?
— निवृत्त शिक्षिका, नेरूळ

उत्तर : आपण वाचलेला आकडा बरोबर आहे आणि अहवालातले आकडेही बरोबर आहेत. दुर्बीण तोंडातून आत जाते, म्हणून अंतर वरच्या पुढच्या दातांपासून मोजतात. दातांपासून अन्ननलिकेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे १५ सेंमी आणि तिथून पुढे सुमारे २५ सेंमी, असे मिळून प्रौढ माणसात जठराचे दार साधारण ४० सेंमीवर येते. उंचीप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो.

कंठमण्यावरून बोट खाली सरकवत नेले, की एक छोटी खाच लागते आणि तिच्याखाली गोल, कडक अशी क्रिकॉइड कूर्चा लागते. या कूर्चेच्या खालच्या कडेशी, मानेच्या सहाव्या मणक्यासमोर, घसा संपतो आणि अन्ननलिका सुरू होते. तिथून ती श्वासनलिकेच्या मागून आणि मणक्यांच्या पुढून छातीत उतरते, छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर श्वासपटलातील छिद्रातून पोटात शिरते आणि अकराव्या मणक्याजवळ जठराला मिळते. या वाटेवर ती चार ठिकाणी अरुंद होते. पहिली जागा अगदी सुरुवातीची, १५ सेंमीवरची; तिथे घशाचा सर्वांत खालचा स्नायू तिला आवळून धरतो. दुसरी सुमारे २२ सेंमीवर, जिथे महाधमनीची कमान तिला डावीकडून दाबते. तिसरी सुमारे २७ सेंमीवर, जिथे डाव्या फुप्फुसाकडे जाणारी मुख्य श्वासनलिका तिच्यापुढून आडवी जाते. आणि चौथी श्वासपटलाच्या छिद्राशी. या चार जागा ध्यानात ठेवाव्यात, कारण खाली त्यांचा पुन्हा उल्लेख येणार आहे. एरवी, घास जात नसताना, ही नळी परकराच्या नेफ्यासारखी चपटी मिटलेली असते.

आता आपल्या अहवालाकडे वळू. अन्ननलिकेचे आतले अस्तर फिकट गुलाबी असते आणि जठराचे लालसर. जिथे हा रंग बदलतो ती रेषा दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. ही रेषा आणि जठराच्या घड्या जिथे सुरू होतात ती जागा, यांवरून तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘जोड’ ठरवला आहे. निरोगी माणसात हा जोड श्वासपटलाच्या छिद्रापाशी किंवा किंचित खाली असतो. आपला जोड ३७ सेंमीवर आणि श्वासपटलाचा चिमटा ४० सेंमीवर आहे, याचा अर्थ जठराचा वरचा ३ सेंमी भाग त्या छिद्रातून छातीकडे सरकला आहे. यालाच हायटस हर्निया म्हणतात.

यामुळे जळजळ का व्हावी, हे समजून घेण्यासारखे आहे. जठरातील आम्ल वर येऊ नये म्हणून निसर्गाने एकच झडप बसवलेली नाही. अन्ननलिकेच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमधील स्नायू सतत आवळलेला असतो. त्याच जागी बाहेरून श्वासपटलाचा ‘उजवा पाय’ म्हटला जाणारा स्नायूचा पट्टा दोन फाट्यांनी तिला वेढून चिमटा देतो. तिचा शेवटचा तुकडा पोटात असल्याने पोटातला दाब वाढला की तो तुकडाच आधी मिटतो. शिवाय ती जठराला तिरक्या कोनात मिळते. हर्नियामध्ये आतला स्नायू वर सरकतो, श्वासपटलाचा चिमटा जागीच राहतो आणि एकमेकांच्या जोडीने काम करणारे हे दोघे दुरावतात. तरीही हर्निया असलेल्या प्रत्येकाला जळजळ होतेच असे नाही आणि बहुतेकांचे औषधांनी व पथ्याने भागते. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करावी आणि वजन जास्त असल्यास उतरवावे. आपल्या शहरांत उशिराच्या लोकलने घरी येऊन, जेवून लगेच आडवी होणारी माणसे असंख्य आहेत. त्यांनाही हेच सांगणे आहे. जळजळ अनेक वर्षे टिकली तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलू शकते. १९५० मध्ये याविषयी लिहिणाऱ्या नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाचे नाव त्या बदलाला मिळाले आहे. आपल्या अहवालात तसा उल्लेख आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपासून भाकरीचा घास छातीत अडकतो असे ते सांगतात. पेज आणि चहा मात्र जातो. आता आवाजही बसला आहे. थंडीने घसा धरला असेल, असे म्हणून ते डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत. घास अडकणे आणि आवाज बसणे यांचा काही संबंध असतो का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : असतो, आणि म्हणूनच हे उत्तर वडिलांना आजच वाचून दाखवावे अशी कळकळीची विनंती आहे.

स्वरयंत्र हलवणाऱ्या नसा मेंदूकडून सरळ स्वरयंत्राकडे येत नाहीत. व्हेगस नावाची मोठी नस मानेतून छातीत उतरते आणि तिची एक फांदी उलट वळून पुन्हा वर चढते. उजवीकडची फांदी हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून, मानेच्या तळाशीच वळते. डावीकडची मात्र थेट छातीत, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर स्वरयंत्रापर्यंत जाते. गर्भावस्थेत हृदय आणि मोठ्या धमन्या मानेकडून छातीत उतरतात, तेव्हा त्यांच्यासोबत ही नसही खाली ओढली जाते. हा लांब वळसा तिथून आलेला आहे. परिणामी अन्ननलिकेत गाठ वाढली किंवा तिच्याभोवतीच्या लसिका ग्रंथी सुजल्या, तर शेजारून जाणारी ही नस दाबली जाते, डावी स्वररज्जू हलेनाशी होते आणि आवाज घोगरा होतो. घास अडकणे आणि आवाज बसणे या दोन तक्रारी एकत्र आल्या, की डॉक्टर तातडीने दुर्बिणीचा आग्रह धरतात, त्यामागे हे कारण आहे.

आधी घट्ट अन्न अडकणे आणि पातळ जाणे, हेही नळीची वाट अरुंद होत असल्याचे लक्षण आहे. ही वाट बरीच अरुंद झाल्याशिवाय माणसाला जाणवत नाही, कारण नळीची भिंत ताणली जाते आणि माणूस नकळत घास लहान करतो, पाण्याचे घोट घेतो. आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आतड्यांवर आणि जठरावर बाहेरून एक पातळ, गुळगुळीत आवरण असते. छातीतील अन्ननलिकेवर ते नाही. तिच्या अस्तराखाली लसिका वाहिन्यांचे उभे जाळे आहे. या दोन्ही कारणांनी तिथला कर्करोग आजूबाजूला लवकर पसरतो. प्रत्येक बसलेला आवाज कर्करोगाचा नसतो, वडिलांचाही नसेल. परंतु वडील तंबाखू, मिश्री, विडी किंवा मद्य घेत असतील तर शंका वाढते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची आणि पोटविकारतज्ज्ञांकडून अन्ननलिकेची दुर्बीण तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी.

प्रश्न : उलटे लटकून पाणी प्यायले तर ते पोटात जाईल का?
— अकरावीचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : जाईल, पण ठसका लागून पाणी श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असल्याने करून पाहू नकोस. अन्ननलिकेच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोलाकार आणि बाहेरचा उभा. घासाच्या मागचा गोलाकार स्नायू आवळतो, पुढचा सैल पडतो आणि ही लाट घासाला ढकलत नेते. लाटेला वरून खालपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते दहा सेकंद लागतात. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत जेवू शकतात ते यामुळेच. तुझ्या अभ्यासात ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायू आले असतील. अन्ननलिकेच्या वरच्या भागात हातापायांसारखे पट्टेदार स्नायू असतात, मधल्या भागात दोन्हींची सरमिसळ आणि खालच्या भागात केवळ अनैच्छिक. तरीही घास एकदा घशामागे गेला, की वरचा भागही आपल्या इच्छेने थांबत नाही. पुढचे सगळे मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राच्या हाती असते.

प्रश्न : रात्री जेवणानंतर छातीच्या मधोमध दुखते. हे पित्त आहे की हृदय, हे घरच्या घरी कसे ओळखावे? माझ्या ओळखीच्या एकांच्या हृदयाची सोनोग्राफी तोंडातून नळी घालून केली, ते कशासाठी?
— एक वाचक, वाशी

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. श्वासनलिका छातीत दोन फाट्यांत विभागली जाते, त्याच्या खाली अन्ननलिकेच्या अगदी पुढ्यात हृदयाचा डावा वरचा कप्पा, म्हणजे डावे अलिंद, येतो; मध्ये हृदयाचे पातळ वेष्टन तेवढे असते. सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद होऊन हे अलिंद फुगले, की ते अन्ननलिकेला मागे ढकलते, आणि पूर्वी बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात तो बाक पाहून डॉक्टर हृदयाचा अंदाज घेत असत. छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत फासळ्या आणि फुप्फुसातली हवा आड येते. अन्ननलिकेतून केलेल्या तपासणीत हे अडथळे टळतात आणि अलिंदातील रक्ताची गुठळी किंवा झडपेवरचा जंतुसंसर्ग नीट दिसतो.

जवळीक केवळ जागेची नाही. हृदय आणि अन्ननलिका यांच्याकडून वेदना नेणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या बऱ्याचशा त्याच भागांत पोहोचतात, म्हणून मेंदूला दोन्ही दुखणी एकाच जागची वाटतात. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी हृदयशूळ थांबवते, तशीच अन्ननलिकेचा पेटकाही सैल करते. तेव्हा गोळीने बरे वाटले एवढ्यावरून काहीही ठरत नाही. पित्ताच्या औषधाने बरे वाटल्यानेही ठरत नाही. आपला प्रश्न घरच्या घरी ओळखण्याचा आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की ते ओळखता येत नाही. आधी ईसीजी आणि हृदयाची तपासणी, ती निर्दोष निघाल्यावरच अन्ननलिकेचा विचार, हा क्रम मोडू नये. घाम, धाप, किंवा हातात वा जबड्यात पसरणारी कळ असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माशाचा काटा अडकला, की आमच्याकडे भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळायला सांगतात. हे योग्य आहे का?
— एक गृहिणी, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि काटा बारीक असला तर कधी कधी तो गोळ्याबरोबर जातोही, तरी तो करू नये असेच मी सांगेन. बहुतेक काटे अन्ननलिकेपर्यंत पोहोचतच नाहीत. ते टॉन्सिलमध्ये, जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्राच्या बाजूच्या खोबणीत रुततात आणि तिथून कान-नाक-घसा तज्ज्ञ ते चिमट्याने काढू शकतात. वरून गोळा ढकलल्यास सहज हाती येणारा काटा खोल रुततो किंवा पहिल्या अरुंद जागेशी जाऊन आडवा बसतो.

काटा अन्ननलिकेची भिंत भेदून गेला, तर बाहेरच्या पोकळीत जंतू पसरतात. आणि महाधमनीच्या कमानीपाशी असे घडले, तर क्वचित प्रसंगी जीवघेणा रक्तस्राव होतो. म्हणून गिळताना टोचणे दुसऱ्या दिवशीही राहिले, तर तपासून घ्यावे. ताप, छातीत किंवा पाठीत दुखणे, मानेला सूज, मानेची त्वचा दाबल्यावर आत हवा असल्यासारखी चरचर, किंवा रक्ताची उलटी, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालयात जावे. काटा काढल्यावर किंवा आपोआप गेल्यावरही ओरखड्यामुळे एक-दोन दिवस टोचल्यासारखे वाटते. ते हळूहळू कमी होत गेले पाहिजे.

हीच काळजी गोळ्यांच्या बाबतीत घ्यावी. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि हाडांच्या ठिसूळपणावरची ॲलेन्ड्रोनेटची गोळी घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवे झाल्यास ती महाधमनीच्या कमानीजवळ चिकटून राहते आणि तिथे व्रण पडतो. अशा गोळ्या बसून किंवा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. घरात लहान मुले असतील तर आणखी एक सूचना : मुलाने खेळण्यातली चपटी, बटणाएवढी बॅटरी गिळली असेल, तर ते कितीही शांत खेळत असले तरी तत्क्षणी रुग्णालयात न्यावे, कारण पहिल्या अरुंद जागेत अडकलेली बॅटरी दोन तासांच्या आत अन्ननलिकेची भिंत जाळू लागते.