महागडी कार्डं ठेवावीत की आवडती?

प्रश्न: माझ्याकडे बेसबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंची, संग्रहासाठी छापलेली मिळून तीनेक हजार कार्डं आहेत. आता लहान घरात जातोय, त्यामुळे फार तर दोनशे ठेवता येतील. स्वस्तातली विकावीत आणि महागडी गुंतवणूक म्हणून ठेवावीत, असा विचार आहे. 2021 मध्ये एका तरुण खेळाडूची रुकी कार्डं (म्हणजे पदार्पणाच्या काळातली) घेतली होती. त्यांचा भाव निम्म्यावर आलाय, पण खरेदीची किंमत वसूल झाल्याशिवाय ती विकायची नाहीत असं ठरवलंय. गृहकर्जाची काही वर्षं अजून बाकी आहेत. माझा हिशेब बरोबर आहे का?

उत्तर: मला तो उलटा वाटतो. स्वस्त कार्डं विकून हाती फारसं काही लागणार नाही, आणि ज्यांतून खरोखर पैसे उभे राहतील तीच तुम्ही धरून बसणार आहात.

आधी स्वस्तातली बघू. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कार्डं इतकी बेसुमार छापली गेली की त्या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. 1989चा अपर डेक या कंपनीचा 800 कार्डांचा बेसबॉल संच घ्या. लोक शोधतात ते त्यातलं एक नंबरचं, केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड. तेही दुर्मिळ नाहीच, चांगल्या अवस्थेतल्या प्रती ढिगाने मिळतात. उरलेली जवळजवळ सगळी कुणी फुकट दिली तरी घ्यावीत की नाही असा प्रश्न पडेल. अशा प्रत्येक कार्डाचा फोटो काढून, वर्णन लिहून, पाकिटात घालून पाठवत बसलात तर तासाला किती सुटले हे मोजायची हिंमत होणार नाही. एकगठ्ठा विका, नाहीतर एखाद्या मुलाला देऊन टाका. देण्याआधी गठ्ठा एकदा चाळा, एवढंच. फ्लीअर कंपनीच्या 1986-87च्या बास्केटबॉल संचातलं 57 नंबरचं मायकल जॉर्डनचं महागडं कार्ड अशाच गठ्ठ्यात दडलेलं असू शकतं.

आता 2021ची खरेदी. टाळेबंदीच्या काळात कार्डांना उधाण आलं होतं. पीएसएसारख्या ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या आणि ते डबीत बंद करणाऱ्या कंपनीकडे, इतका माल साचला की मार्च 2021मध्ये त्यांना स्वस्त दराची सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. त्या गर्दीत तुम्ही खरेदी केलीत. तुम्ही किती मोजले ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे, बाजाराला त्याचं सोयरसुतक नाही. शिवाय निम्म्यावर आलेला भाव मूळ जागी यायला आता दुप्पट व्हावा लागेल. आणि तो अवलंबून कशावर? एका माणसाच्या गुडघ्यावर! इतका पैसा एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घालायला मी तुम्हाला कधीच सांगितलं नसतं.

म्हणून आधी विकायची ती हीच. हंगाम सुरू असताना आणि खेळाडू बातम्यांत असताना विका, खेळ बंद असतो त्या महिन्यांत नको. भाव बघताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती सोडून द्या आणि प्रत्यक्ष झालेले व्यवहार तपासा. त्यातून कमिशन, टपाल, विमा आणि लागू असेल तो कर वजा करा. उरेल तो तुमचा खरा भाव. तो सरळ गृहकर्जात भरा. कार्डावर व्याज मिळत नाही, लाभांश मिळत नाही. फेडलेल्या कर्जावरचं व्याज मात्र हमखास वाचतं.

“पण बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड तर...” असं तुम्ही म्हणालच. टॉप्स कंपनीचं 1952चं ते कार्ड ऑगस्ट 2022मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. विकणाऱ्याने ते 1991मध्ये 50,000 डॉलरला घेतलं होतं. म्हणजे वर्षाला साधारण वीस टक्के, आणि लिलावाच्या त्या रकमेत खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं शुल्कही धरलेलं आहे. उत्तमच परतावा, प्रश्नच नाही. पण त्या मालिकेतला न खपलेला माल 1960मध्ये कंपनीने अटलांटिक समुद्रात टाकून दिला होता, म्हणून ती कार्डं दुर्मिळ झाली. तुमच्याकडच्या 1990च्या आसपासच्या कार्डांवर अशी कृपा कुणी केलेली नाही.

निवृत्त दिग्गजांची जुनी कार्डं त्यातल्या त्यात स्थिर असतात. अशी चार-दोन असतील तर ठेवायला माझी हरकत नाही. फक्त संग्रहाचं मूल्य एकूण बचतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. हे प्रमाण माझं आहे, कुठला नियम नव्हे. ठेवायचं कार्ड उजेडात तिरकं धरून बघा. कोपरे दबलेत का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का, चारही बाजूंचे समास सारखे आहेत का? आधुनिक कार्डाचं प्रमाण माप अडीच बाय साडेतीन इंच असतं. कमी भरलं तर कडा कापल्याचा संशय घ्या. ग्रेडच्या डबीवरही आंधळा विश्वास नको. टी206 या जुन्या बेसबॉल मालिकेतलं होनस वॅग्नर या खेळाडूचं सर्वांत गाजलेलं कार्ड पीएसएने 10 पैकी 8 गुण देऊन डबीत बंद केलं होतं, आणि पुढे 2013मध्ये त्याच्या एका जुन्या विक्रेत्याने कडा आपण कापल्याची कबुली न्यायालयात दिली. ग्रेडिंगचं शुल्क भरण्याआधी ग्रेडमुळे भाव त्याहून जास्त वाढेल का, तेही बघा. बहुतेक कार्डांच्या बाबतीत वाढत नाही.

राहता राहिल्या दोनशे जागा. एका संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भाव न बघता दीडशे कार्डं निवडा. लहानपणी पहिल्या पाकिटातून निघालेलं, कोपरे गेलेलं कार्डही चालेल, त्याची जागा पक्की. उरलेल्या पन्नासांसाठी भाव उघडा आणि एकेकाला विचारा, एवढी रोख आज हातात असती तर मी हे विकत घेतलं असतं का? उत्तर देताना अडखळलात तर ते विक्रीच्या ढिगात.

जे राहील त्याची फोटोसकट यादी करा, खरेदीच्या पावत्या जोडा आणि घरच्यांना ती कुठे आहे ते सांगून ठेवा. घराच्या विम्यात संग्रहाच्या वस्तूंवर बऱ्याचदा मर्यादा असते, तेवढं कलम वाचून घ्या. रुकी कार्डांची पहिली तुकडी या हंगामातच रवाना करा. ती रक्कम कर्जखात्यात जमा झाली की मला पुन्हा लिहा, मग उरलेल्या हप्त्यांचं बघू.