इन्व्हर्टर बंद, वॉरंटी चालू

प्रश्न : ताई, २०२४च्या दिवाळीनंतर आम्ही सूर्यघर योजनेतून घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. ७८,००० रुपये सबसिडीही मिळाली. मे महिन्यात वळवाचा मोठा पाऊस झाला, विजा कडाडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला तो लागलाच. बसवून देणारा व्हेंडर म्हणतो, ‘कंपनीला फोन करा.’ कंपनी म्हणते, ‘व्हेंडरमार्फत या.’ आता व्हेंडर म्हणतो, ‘वीज पडली, वॉरंटीत बसत नाही. फार तर कंपनीकडून दुरुस्त केलेलं जुनं मशीन मिळेल.’ ते घ्यावं का? बिल पुन्हा पहिल्यासारखं यायला लागलंय.
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, घाईने काहीच घेऊ नका आणि जुना इन्व्हर्टर कोऱ्या पावतीवर हातातून सोडू नका.

मी बरीच वर्षं सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर इन्व्हर्टर उघडून बघण्याचं काम केलं. ‘जळाला’ म्हणून आलेले कितीतरी इन्व्हर्टर तिथे धडधाकट निघायचे. म्हणून आधी लाल दिव्यासोबत स्क्रीनवर किंवा मोबाइलच्या ॲपवर कोणता कोड येतोय तो बघा आणि त्याचा तारीख दिसेल असा फोटो काढा. ‘ग्रिड नाही’ (म्हणजे महावितरणची लाइन मिळत नाही) असं येत असेल, तर कदाचित एसी बाजूचा, म्हणजे इन्व्हर्टरपासून घराकडे जाणाऱ्या तारेवरचा, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडला असेल. ‘आयसोलेशन’ किंवा ‘अर्थ फॉल्ट’ (म्हणजे वीज जमिनीकडे गळतेय) येत असेल, विशेषतः ओल्या सकाळी येऊन दुपारी जात असेल, तर पॅनेलखालच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय किंवा उंदराने केबल कुरतडलीय. अशा वेळी नवाकोरा इन्व्हर्टर लावला, तरी तोही तोच कोड दाखवेल. ऐन दुपारीच बंद पडून संध्याकाळी सुरळीत होत असेल, तर लाइनचं व्होल्टेज चढतंय. ती तक्रार महावितरणच्या १९१२ वर करायची, कंपनीकडे नाही. फक्त गच्चीवरचे कनेक्टर स्वतः उपसू नका. ऊन असेपर्यंत त्या तारांमध्ये पॅनेलमधून येणारी शेकडो व्होल्टची डीसी वीज असते आणि चालू लोडवर कनेक्टर ओढला की ठिणगी लांबत जाते, तुटत नाही.

आता ‘वीज पडली’ या उत्तराबद्दल. बहुतेक वॉरंटी कार्डांवर वीज पडून झालेलं नुकसान वगळलेलं असतं, हे खरं. पण तुमच्या घरावर तसं झालं हे ठरवलं कुणी? मशीन उघडलं का? सर्ज, म्हणजे तारेतून अचानक आलेला जादा व्होल्टेजचा झटका, आत आला असेल, तर बोर्डावरचे संरक्षक भाग काळे पडलेले किंवा फुटलेले दिसतात. रिले चिकटलेला, कपॅसिटर फुगलेला किंवा पाल आत मरून शॉर्ट झालेलं असेल, तर ते चित्रच वेगळं असतं. म्हणून लेखी मागा : कोणता भाग गेला, कशामुळे, उघडलेल्या बोर्डाचे फोटो आणि तपासणाऱ्याची सही. फोनवर सांगितलेलं कारण मी कारण मानत नाही, तुम्हीही मानू नका.

आणखी एक गोष्ट आजच बघा. इन्व्हर्टरशेजारच्या डीसी आणि एसी डब्यांत एसपीडी नावाचा, सर्ज स्वतःवर झेलणारा छोटा भाग असतो, त्याला एक खिडकी असते. हिरवी असेल तर तो शाबूत, लाल झाली असेल तर त्याने मार खाल्लाय. तिचा फोटो ठेवा. डब्यात एसपीडीच नसेल किंवा अर्थिंगची पट्टी जमिनीत न जाता भिंतीवरच संपली असेल, तर सर्ज आला असला तरी प्रश्न तुमच्या नशिबाचा राहत नाही, बसवणाऱ्याच्या कामाचा होतो. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी विजा पडतातच. तिथे डीसी, एसी आणि वीजरोधकाला वेगवेगळं अर्थिंग न देणं हा हलगर्जीपणा आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

‘कंपनीकडे जा, व्हेंडरकडे जा’ हा फुटबॉल थांबवायचा, तर एकच ईमेल दोघांनाही पाठवा : सिरियल नंबर, बिल, बसवल्याची तारीख, कोडचा फोटो. योजनेतल्या व्हेंडरवर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी असते आणि तुम्ही त्याच्याशी केलेल्या करारात ती लिहिलेली असते. तो कागद शोधा. इन्व्हर्टर कंपनीची वॉरंटी वेगळी. तिच्याकडे बोट दाखवून व्हेंडरची सुटका होत नाही.

दुरुस्त केलेलं मशीन देण्याची मुभा बऱ्याच कंपन्या वॉरंटीच्या अटींतच ठेवतात, त्यामुळे तेवढ्यावरून भांडू नका. पण चार ओळी लिहून घ्या : बदलून आलेल्या मशीनचा सिरियल नंबर, उरलेली वॉरंटी त्याच नंबरवर चालू राहील, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च कुणाचा, आणि जुनं मशीन कोणत्या तारखेला नेलं. मॉडेल बदलत असेल, तर तुमच्या पॅनेलच्या रांगेचं व्होल्टेज त्याला चालतं का, हे बसवण्याआधी विचारा. सिरियल नंबर बदलल्याचं महावितरणच्या उपविभागालाही कळवा. नेट मीटरिंगच्या (लाइनला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या व्यवस्थेच्या) कागदांवर जुना नंबर आहे.

३ किलोवॅटवर दिवसाला साधारण १२ युनिट धरली, तर महिनाभराच्या बंदीत साडेतीनशेच्या आसपास युनिट बुडतात. बंद पडण्याआधीची आणि नंतरची बिलं एकत्र लावून ठेवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार लातूरलाच करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका.

प्रश्न : लख्ख ऊन असताना लाइट गेली की आमचा सोलरही बंद पडतो. वॉरंटीत इन्व्हर्टर बदलून मागू का?
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : नको ताई, तुमचा इन्व्हर्टर बरोबर वागतोय. ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरने लाइन गेल्याबरोबर थांबायचंच असतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला बंद समजलेल्या तारेतून तुमच्या गच्चीवरची वीज लागेल. लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा खर्च बराच वाढतो. कुणी ‘एक वायर बदलून चालू करून देतो’ म्हणाला, तर त्याला गच्चीवर चढू देऊ नका.