प्रत्येक प्रोसेसरची स्वतंत्र प्रत असूनही काउंटर का चुकतो?

आपण विचारले आहे की, लिनक्स कर्नेलमध्ये (म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रत्येक प्रोसेसरला काउंटरची स्वतःची प्रत दिल्यावर लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा बदलू देणाऱ्या कुलपाची, गरज उरत नाही, तरीही बेरीज कमी का भरते. स्वतंत्र प्रतीमुळे टळते ते फक्त दोन प्रोसेसरांमधले भांडण. एकाच प्रोसेसरवरचे टळत नाही. आपल्या कोडने प्रतीचा पत्ता काढला आणि त्याच क्षणी शेड्यूलरने (कोणते काम कुठे चालवायचे हे ठरवणाऱ्या भागाने) ते काम दुसऱ्या प्रोसेसरवर हलवले, तर पुढचे लेखन जुन्या प्रोसेसरच्या प्रतीत होते आणि तिथे आता चालणाऱ्या कामाची नोंद पुसली जाऊ शकते. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा संकेत) आला व त्याच्या हँडलरनेही, म्हणजे तो हाताळणाऱ्या कोडनेही, तोच काउंटर वाढवला, तरी हेच घडते.

साध्या काउंटरसाठी ‘धिस_सीपीयू_इंक’ (this_cpu_inc) वापरावे; ते चालू प्रोसेसरची प्रत एकाने वाढवते. एक्स८६ जातीच्या प्रोसेसरांवर ही वाढ एकाच सूचनेत होत असल्याने मध्ये काहीच शिरू शकत नाही, शिवाय इतर प्रोसेसरांना रोखणारा सूचनेचा महागडा लॉक उपसर्गही लागत नाही. अनेक क्षेत्रे एकत्र बदलायची असतील आणि हँडलर त्यांना स्पर्श करत नसेल, तर प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच बाजूला सारून दुसरे चालवणे) बंद करणे पुरते. हँडलरही लिहीत असेल, तर स्थानिक इंटरप्ट बंद करावे लागतात. माझ्या मते नव्या कोडमध्ये, आवृत्ती ५.८पासून असलेला ‘लोकल_लॉक’ (local_lock, प्रोसेसरपुरता लॉक) अधिक चांगला, कारण नेमका कोणता डेटा जपला जात आहे हे त्यातून वाचणाऱ्याला कळते.

दुसऱ्या प्रोसेसरने ती प्रत लिहिण्यासाठी उघडली, तर मात्र यांपैकी काहीही उपयोगी नाही. तिथे स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) किंवा अणुक्रियाच (सर्व प्रोसेसरांच्या दृष्टीने अखंड होणारी क्रिया) हवी.