कार्बन फायबरचा इनटेक पाइप कसा पारखावा?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल कारसाठी कार्बन फायबरचे इनटेक पाइप (एअर फिल्टरमधून आलेली हवा टर्बोकडे नेणारे) निरनिराळ्या किमतींना मिळतात. दिसायला सारेच सारखे. मग दर्जा कसा ओळखावा?

उत्तर : चकाकणाऱ्या बाहेरच्या बाजूपेक्षा आतली बाजू आधी पाहावी. आत काळे प्लास्टिक किंवा फायबरग्लासचे पांढुरके तंतू दिसले, तर कार्बनचा केवळ वरचा थर, किंबहुना नुसती छापील नक्षीच, असण्याची शक्यता मोठी आहे. आत सुटे तंतू अथवा रेझिनचे (तंतू जोडून ठेवणाऱ्या राळेचे) कण राहिलेला पाइप तर बसवूच नये, कारण हा भाग फिल्टरनंतरचा असल्याने ते थेट टर्बोत ओढले जातात.

खरी कसोटी मात्र उष्णतेची आहे. तंतू कितीही उत्तम असले, तरी त्यांना धरून ठेवणारे, खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले आणि नंतर भट्टीत न तापवलेले साधे इपॉक्सी रेझिन अनेकदा ६० ते ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते, आणि वाहतूक कोंडीत बॉनेटखालची हवा तितकी तापू शकते. म्हणून रेझिन किती तापमानापर्यंत टिकते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे; अश्वशक्ती वाढल्याचे आकडे मी तरी त्यापुढे गौण मानतो.

आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर पाइपवरच बसत असेल, तर तेथील आतला व्यास मूळ भागाइतकाच हवा, अन्यथा ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) हवेचा हिशेब चुकतो आणि इंधनाचे मिश्रण बिघडते.