मीठ घातलं तरी हँडवॉश पातळच!

प्रश्न : एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणणारा मुख्य घटक) आणि कोको बीटेन (नारळतेलापासूनचा सौम्य, जोडीचा फेसकारक) यांचा हँडवॉश मिठाने आधी घट्ट झाला, आणखी मीठ घालताच पातळ. असं का?

उत्तर : एसएलईएसच्या रेणूंची ऋणभारित डोकी एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्यामध्ये बीटेन शिरलं की ही ढकलाढकल कमी होते. मिसेल, म्हणजे या रेणूंचे पुंजके, कमी संहतीलाच बनतात आणि गोल न राहता शेवयांसारखे लांबतात. त्यांच्या गुंत्यामुळे द्रावण घट्ट होतं. मीठही हेच करतं. पण अती झालं की मिसेलना फांद्या फुटतात, सांधे सरकतात आणि घट्टपणा जातो. बाजारातल्या बीटेनमध्ये मुळातच सुमारे ५ टक्के मीठ असतं, हे हमखास विसरलं जातं.

आधी सायट्रिक आम्लाने पीएच ५.५ करा, मगच ०.२ टक्क्यांच्या टप्प्यांनी मीठ. बिघडलेल्या घाण्यात बिनमिठाचा नवा घाणा मिसळा. धनभारित कंडिशनर मात्र यात घालू नका, साका बसेल.