रेडिओचं किट जोडलं पण आवाजच येत नाही, खरखरसुद्धा नाही. काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की मिडियम वेव्हचं किट आहे, शेवटाला एलएम ३८६ आयसी (आवाज मोठा करून स्पीकरला देणारी चिप), ९ व्होल्टची बॅटरी नवीकोरी आणि तरी स्पीकर ढिम्म. खरखरसुद्धा नाही म्हणताय ना, हे एका अर्थानं बरंच झालं बघा, कारण खरखर येऊन स्टेशन लागत नसतं तर कॉइल, गँग (स्टेशन फिरवायचा कंडेन्सर) सगळं उकरत बसावं लागलं असतं. अशी सामसूम असली की घोळ बहुतेक वेळा बॅटरी ते स्पीकर एवढ्यातच असतो. म्हणून आयएफटीचे (पत्र्याच्या छोट्या डब्यांतल्या कॉइलचे) ते रंगीत स्क्रू अजिबात पिळू नका, ते ४५५ किलोहर्ट्झला लावूनच आलेले असतात.

आधी स्पीकर. त्याची एक वायर सोडवा आणि पेन्सिल सेल नुसता टेकवून काढा, खट्ट वाजलं की स्पीकर चांगला. मग मल्टिमीटरची काळी पिन आयसीच्या ४ नंबरच्या पायाला ठेवून ६ नंबरवर बघा, ९ व्होल्टच्या आसपास पाहिजे, आणि ५ नंबरवर त्याच्या निम्मे, साडेचार. ६ वर काहीच नसेल तर स्विच नाहीतर बॅटरीची टोपी. ५ वर शून्य किंवा पूर्ण ९ असेल तर आयसी उलटा बसलाय किंवा गेलाय, खाच कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

व्होल्टेज बरोबर असेल तर व्हॉल्यूम फुल करा, स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडाला बोट लावून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवा. घुंऽऽ आलं पाहिजे. (लाईट गेलेली असेल तर घुं येणार नाही, खट्ट तरी येतंच. आणि हे बॅटरीवरच करायचं, अडॅप्टर लावून नाही.)

आता माझा शहाणपणा सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीत खोलीवर राहायचो तेव्हा असंच किट जोडलं, आवाज नाही म्हणून आयसी दोनदा बदलला, आणि निघालं काय तर इअरफोनच्या सॉकेटमधली पितळी पट्टी केसभर वाकलेली, म्हणजे सेटला वाटायचं इअरफोन लावलाय आणि स्पीकर कायमचा तुटलेला! टाचणीनं पट्टी दाबली आणि खरखर सुरू झाली, इतका आनंद नंतर पगारालाही झाला नाही.

खरखर आली की मग फेराइट कांडीच्या (सेटमधल्या काळ्या अँटेनाच्या) कॉइलकडं वळा. ती वायर वरून तांब्यासारखी दिसली तरी इनॅमलचा थर असतो, पॉलिश पेपरनं टोकं घासल्याशिवाय सोल्डर नुसतं वर बसतं, आत धरत नाही. वायर बारीक धाग्यांची असेल तर प्रत्येक धागा घासा.

आणि एक, कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ म्हणजे एफएम, ती या किटवर लागणारच नाही. मी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लावायचो, सांगली आपल्या पूर्वेला म्हणून कांडी दक्षिणोत्तर धरली की आवाज जास्त यायचा. हल्ली मिडियम वेव्हची बरीच केंद्रं बंद झालीत, तेव्हा दुपारी नाही, रात्री आठनंतर फिरवून बघा, लांबची स्टेशनं तेव्हाच येतात, आणि जवळचे एलईडी बल्ब बंद करा.

५ नंबरवर किती व्होल्ट आले ते लिहा, मग पुढचं बघू.