राणीच्या बागेत ७ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शोधफेरी आखायची आहे, किती थांबे ठेवावेत?

सहा, फार तर सात ठेवा, आणि प्रत्येक थांब्यावर वाचण्याऐवजी हाता-डोळ्यांना काम द्या. शाळेच्या सहलींसाठी मी अशा फेऱ्या आखते. आठव्या थांब्याला मुलं पाणी आणि खाऊ मागायला लागतात, हे दर वेळी दिसतं. माहितीचा फलक कुणी वाचत नाही. पण भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी "याचे सांधे शोधा" एवढंच सांगा, बघा कशी चारी बाजूंनी फिरतात! हा घारापुरीचा हत्ती, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये हलवताना तो फुटला, १९१४ मध्ये तुकडे जोडले गेले. ही गोष्ट त्यांनी सांधे शोधल्यावर सांगा, आधी नको. बाकी थांब्यांना:

- झाडाच्या सालीचा पेन्सिलने ठसा
- पडलेली तीन वेगळ्या आकारांची पानं

एक मात्र सांभाळा: प्रश्न प्राण्यांवर बेतू नका. वाघ झोपलेला किंवा आडोशाला असला तर मूल हिरमुसतं. झाड आणि पुतळा जागेवरच असतात. आणि बुधवारी बाग बंद असते.